नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत देऊ नका: फेअरफॅक्स काउंटीत मुलाला हायस्कूलमध्ये घालताना

नाशिकचं घर आवरताना मी मुलीचं नववीचं प्रगतिपुस्तक वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत दिलं. नववीला कोण विचारतंय, हा आपला पिढीजात हिशेब. दहावीचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपायचं, बाकी सगळं माळ्यावर. अमेरिकेत व्हर्जिनियात आल्यावर पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंनी मागितलं ते नेमकं नववीचं. मग सासूबाई रिक्षा करून शाळेत गेल्या, क्लार्क रजेवर, शिक्का मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि दुसरी प्रत हातात पडेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर मुलीला हवे ते विषय भरून गेले होते.

त्यानंतर धाकट्याच्या वेळी आणि चार-पाच ओळखीच्या कुटुंबांबरोबर हीच वाट पुन्हा चालले. ती इथे क्रमाने लिहिते. हे सगळं फेअरफॅक्स काउंटीबद्दल आहे, म्हणजे वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेचं उपनगर. इथल्या सरकारी शाळांच्या जिल्ह्याला सगळे एफसीपीएस म्हणतात. पावणेदोन लाखांहून जास्त मुलं या एका जिल्ह्यात शिकतात. शेजारच्या लाउडन काउंटीत, म्हणजे ॲशबर्न-स्टर्लिंगकडे राहणार असाल तर तिथला जिल्हा वेगळा आणि नियमही वेगळे.

१. घर आधी नाही, शाळा आधी

आपल्याकडे शाळा निवडतात, मग रिक्षा लावतात. इथे पत्ता ठरला की शाळा ठरली. प्रत्येक घर एका ठरावीक हायस्कूलच्या (इथे नववी ते बारावी) हद्दीत असतं. त्याला 'बेस स्कूल' म्हणतात, आणि तिथे जागा मिळणं हा तुमच्या मुलाचा हक्क असतो. प्रवेश परीक्षा नाही, डोनेशन नाही, मुलाखत नाही.

गोची होते ती पत्त्यातल्या गावाच्या नावाने. पोस्टाचं गाव आणि शाळेची हद्द यांचा काही संबंध नाही. पत्त्यात 'अलेक्झांड्रिया' लिहिलेली हजारो घरं फेअरफॅक्स काउंटीत आहेत, पण अलेक्झांड्रिया शहराचा शाळा-जिल्हा स्वतंत्र आहे. फॉल्स चर्चचंही तसंच: शहराच्या स्वतःच्या शाळा आहेत, आणि पत्त्यात फॉल्स चर्च असलेली बरीच घरं त्या शहरात मोडतच नाहीत. सगळ्यात जास्त मराठी मंडळी फसतात ती 'शँटिली'ला. साउथ रायडिंगच्या घरांचा पोस्टाचा पत्ता शँटिली असतो, पण ती वस्ती लाउडनमध्ये येते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने शँटिली हायस्कूलसाठी म्हणून तिथे घर घेतलं आणि नोंदणीच्या दिवशी कळलं की काउंटीच दुसरी.

म्हणून लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, सही करण्याआधी एफसीपीएसच्या वेबसाइटवरच्या 'बाउंडरी लोकेटर'मध्ये घर नंबरासकट पूर्ण पत्ता टाका. घर दाखवणाऱ्या एजंटच्या शब्दावर जाऊ नका, घराच्या जाहिरातीत छापलेल्या शाळेच्या नावावर तर मुळीच नाही. रस्त्याच्या अलीकडची बिल्डिंग एका शाळेत आणि पलीकडची दुसऱ्या शाळेत, असं इथे सर्रास असतं. शिवाय हद्दी कायमच्या नसतात. काउंटीच्या स्कूल बोर्डाने २०२४ मध्ये धोरण बदलून दर पाच वर्षांनी सगळ्या हद्दींचा आढावा घ्यायचं ठरवलं. घर विकत घेत असाल तर हे जास्त लागू.

दुसरा सापळा बेसमेंटचा. सुरुवातीला पैसे वाचवायला बरेच जण एखाद्या ओळखीच्या घराचं बेसमेंट तोंडी बोलीवर घेतात. शाळेला मात्र कागद लागतो. तुमच्या नावावर लीज नसेल तर घरमालकाने स्वतःच्या मालकीचा पुरावा द्यावा लागतो आणि तुम्ही तिथे राहता हे लेखी द्यावं लागतं. मित्राकडे पंधरा दिवस उतरला असाल तरी तेच. घरमालक अशा कागदांवर सही करायला तयार आहे ना, हे सामान टाकण्याआधी विचारून घ्या. पुष्कळांना ते नको असतं.

२. भारतातून निघतानाची फाइल

ही फाइल चेक-इन बॅगेत टाकू नका, हातात ठेवा.

- जन्मदाखला, मूळ प्रत. महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असला तर भाषांतराची कटकट वाचते. जुना, नुसता मराठीतला असेल तर नवा काढून घ्या.
- मुलाचा पासपोर्ट.
- आई किंवा वडिलांचं फोटो असलेलं ओळखपत्र.
- लीज किंवा घराचा कागद. नुसतं विजेचं बिल चालेल असं धरून चालू नका.
- आठवी, नववी, दहावीची, आणि झाली असेल तर अकरावीचीही प्रगतिपुस्तकं आणि गुणपत्रिका. शाळेचा शिक्का हवाच.
- शाळा सोडल्याचा दाखला.
- लसीकरणाचं पुस्तक.
- गणित आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकेचे फोटो. हे कुठल्याच यादीत नसतं. का हवं ते पाचव्या पायरीत.

मूल मधल्या वर्षात येत असेल तर चालू वर्षाच्या चाचण्यांचे आणि सहामाहीचे गुण शाळेच्या लेटरहेडवर लिहून घ्या. मुलाला कुठल्या खास मदतीची गरज असेल, म्हणजे वाचन-अक्षमता, श्रवणयंत्र, काहीही, तर त्याचे अहवाल लपवू नका. इथे ते दाखवल्यावर मदत मिळते, मूल मागे पडत नाही.

नावाचं पण बघा. आपल्याकडे काही कागदांवर आडनाव आधी, काहींवर वडिलांचं नाव मध्ये, काहींवर नाहीच. शाळा सहसा कायदेशीर कागदावरचं नाव घेते. जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत फरक असेल तर नोंदणीच्या वेळी तिथेच सांगा. बारावी संपल्यावर डिप्लोमावर, म्हणजे हायस्कूल पास झाल्याच्या प्रमाणपत्रावर, जे छापून येतं ते हेच नाव.

सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी प्रवेश अडत नाही. व्हिसाच्या स्थितीवरून सरकारी शाळा मुलाला दार बंद करू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर मिळणाऱ्या व्हिसावर, आलेली मुलं निर्धास्तपणे शिकतात.

३. लसी आणि टीबी

इथे आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट तारखांची. आपल्या पुस्तकात ०५/०८/२०१० म्हणजे पाच ऑगस्ट. इथली नर्स ते आठ मे असं वाचते. दोन डोसांमधलं अंतर त्यामुळे चुकतं आणि डोस बाद ठरतो. घरी बसून एक साधा तक्ता करा: लसीचं नाव, तारीख, महिना अक्षरात. त्यावर भारतातल्या डॉक्टरांची सही-शिक्का घेता आला तर सोन्याहून पिवळं.

दुसरी, गालगुंडाची. सरकारी दवाखान्यात मुलांना एमआर लस मिळते, म्हणजे गोवर आणि रुबेला. व्हर्जिनियाला एमएमआर हवी, त्यात गालगुंडही येतं. एक अक्षर कमी पडलं तरी लस पुन्हा घ्यावी लागते. कांजिण्यांची लसही आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. खासगी डॉक्टरांकडे घेतली असेल तर तिची नोंद शोधून काढा. मेनिंजायटिसची लस सातवीला आणि बारावीला लागते, ती आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी घेतलेली नसते. धनुर्वाताचा टीडॅप बूस्टरही लागतो. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) यादीत आहे, पण ती द्यायची की नाही हे पालक ठरवू शकतात.

तिसरी, टीबीची तपासणी. एफसीपीएसमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांची टीबीसाठी तपासणी झालेली असावी लागते. आपल्या प्रत्येक मुलाच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, आणि बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, मग घरात घबराट. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की बीसीजी झालेली आहे, रक्ताची चाचणी करू. बीसीजीमुळे ती फसत नाही.

विमा सुरू व्हायला वेळ लागत असेल तर काउंटीच्या आरोग्य विभागाचे दवाखाने शाळेसाठी लागणाऱ्या लसी देतात. ऑगस्टमध्ये मात्र तिथे तोबा गर्दी, म्हणून जुलैतच अपॉइंटमेंट घ्या.

४. नोंदणीचा दिवस

फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण कागद दाखवायला शेवटी माणसाशी गाठ पडतेच. शाळेतल्या या व्यक्तीला 'रजिस्ट्रार' म्हणतात. उन्हाळ्यातही त्या कामावर असतात, पण वेळ कमी असतो, म्हणून आधी फोन करून जा. शाळा साधारण ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतर सुरू होईल या जुन्या माहितीवर राहू नका.

फॉर्ममध्ये एक प्रतिज्ञापत्र असतं: मुलाला आधीच्या शाळेतून काढून टाकलेलं नाही वगैरे. ते वाचून सही करा, ते शपथेवर असतं.

खरा पेच पडतो तो 'होम लँग्वेज सर्व्हे'चा. घरात कोणती भाषा बोलता, मूल आधी कोणती भाषा शिकलं, असे प्रश्न. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. ती टाळायला काही पालक सरळ 'इंग्रजी' ठोकतात. ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सल्लाही फिरतो. कृपया असं करू नका. इंग्रजी माध्यमाचं मूल ती चाचणी सहसा आरामात पार करतं आणि विषय तिथेच संपतो. मराठी माध्यमाच्या मुलाला मात्र खरंच आधार लागतो, आणि तो याच चाचणीतून मिळतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा गणितात अव्वल होता, पण शब्दांत दिलेली उदाहरणं त्याला कळत नव्हती. फॉर्मवर खोटं लिहिलेलं असल्यामुळे वर्षभर कुणाच्या लक्षातच आलं नाही.

५. काउन्सेलरची पहिली भेट

काउन्सेलर म्हणजे मुलाचे विषय ठरवायला मदत करणारे शाळेतले सल्लागार. या एका तासावर पुढची चार वर्षं उभी राहतात. तयारी करून जा.

इथे बोर्डाची एकच मोठी परीक्षा नाही. नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मोजले जातात, आणि प्रत्येक विषय वर्षभर शिकून पास झाला की एक क्रेडिट मिळतं. व्हर्जिनियात दोन प्रमुख डिप्लोमा आहेत: स्टँडर्ड डिप्लोमाला २२ क्रेडिट आणि ॲडव्हान्स्ड स्टडीज डिप्लोमाला २६. या २६ मध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान आणि इतिहास-समाजशास्त्र यांची प्रत्येकी ४, परकी भाषा ३, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण २, कला किंवा व्यवसाय शिक्षण १, अर्थशास्त्र आणि व्यक्तिगत अर्थव्यवहार १, आणि आवडीचे विषय ३. याशिवाय काही विषयांच्या अखेरीस 'एसओएल' नावाची राज्याची परीक्षा असते. त्यातून ५ क्रेडिट 'व्हेरिफाइड' व्हावी लागतात. उशिरा आलेल्या मुलांना यात सूट मिळू शकते, म्हणून विचारायला संकोचू नका.

आता बोटांवर हिशेब करा. मूल वर्षाला साधारण ७ विषय घेतं. अकरावीत येणाऱ्या मुलाकडे दोनच वर्षं उरतात, म्हणजे १४ क्रेडिट. २६ व्हायला उरलेली १२ कुठून येणार? भारतातल्या नववी-दहावीतून. माझ्या रद्दीची किंमत मला त्या खुर्चीत बसल्यावर कळली.

म्हणून प्रगतिपुस्तकातली प्रत्येक ओळ मोलाची. आपण ज्या श्रेणीकडे ढुंकूनही पाहत नाही ती 'शारीरिक शिक्षण: अ' आमच्या मुलीच्या कामी आली. भाषेचंही तेच. मराठी, हिंदी, संस्कृत यांचे गुण दाखवा आणि परक्या भाषेचं क्रेडिट मिळेल का ते स्पष्ट विचारा. नाहीच मिळालं तर जिल्ह्याची 'वर्ल्ड लँग्वेज क्रेडिट एक्झाम' असते. वर्गात न बसता भाषेचं लेखन तपासून क्रेडिट देणारी ही परीक्षा. तिच्या यादीत हिंदी असते. पाचवीपासून हिंदी लिहीत आलेल्या मुलाला ती जड जाऊ नये. मराठीसाठी त्या वर्षीची यादी पाहा. नोंदणीची मुदत लवकर संपते, म्हणून शाळा सुरू झाल्या-झाल्या चौकशी करा.

गणिताचा घोळ वेगळाच. इथे क्रम असा: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. एका वर्षी एकच. आपल्या गुणपत्रिकेवर नुसतं 'गणित' लिहिलेलं असतं. काउन्सेलर ते पाहून सावधपणे खालच्या वर्गात बसवतात. त्यांचा दोष नाही, त्यांना काय कळणार? इथे अनुक्रमणिकेचे फोटो कामाला येतात. आपल्या राज्य मंडळाचं नववी-दहावीचं गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, अशी दोन वेगळी पुस्तकं आहेत. हे समजावून सांगितलं की चित्र बदलतं. वर्गसमीकरणं झाली आहेत, समरूपता झाली आहे, त्रिकोणमिती झाली आहे, असं धड्यांच्या नावांनिशी दाखवा. तरी खात्री पटत नसेल तर पातळी ठरवायची चाचणी घ्यायची विनंती करा. आमची मुलगी वर्षभर भूमिती दुसऱ्यांदा शिकली. कंटाळली, पण त्याहून वाईट म्हणजे बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचायला तिला उन्हाळ्यात वर्ग करावा लागला.

विज्ञानही असंच फोडलेलं: एका वर्षी बायॉलॉजी, एका वर्षी केमिस्ट्री, एका वर्षी फिजिक्स. आपल्याकडे तिन्ही एकत्र चालतात. आपल्या मुलाचं थोडं थोडं सगळं झालेलं असतं आणि पूर्ण काहीच नाही, असं इथल्या कागदावर दिसतं. इतिहासात मात्र सुटका नाही. अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था हे दोन्ही विषय घ्यावेच लागतात. शिवकालाचं क्रेडिट कदाचित जगाच्या इतिहासात बसेल, तेवढंच.

इयत्तेबद्दल एक. महाराष्ट्रात जूनमध्ये नवं वर्ष सुरू होतं. मूल जुलैत दहावीचे चार आठवडे बसून आलं असेल तर इथे ऑगस्टमध्ये दहावीतच बसतं, काही बुडत नाही. डिसेंबरात येणाऱ्याचं मात्र अर्धं वर्ष लटकतं. कंपनीच्या बदलीची तारीख तुमच्या हातात असेल तर उन्हाळ्यात या.

भेटीनंतर जे ठरलं ते ईमेलवर लिहून पाठवा: 'आज आपण असं असं ठरवलं.' काउन्सेलर बदलतात, ईमेल राहतं.

६. एपी की आयबी

एफसीपीएसच्या हायस्कुलांमध्ये वरच्या पातळीचे विषय दोनपैकी एका पद्धतीने शिकवतात: एपी म्हणजे 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट', आयबी म्हणजे 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट'. शँटिली, वेस्टफील्ड, ओकटन, हर्नडन ही एपीची. रेस्टनचं साउथ लेक्स, तसंच मार्शल आणि रॉबिन्सन ही आयबीची. एपीत हवा तो विषय सुटा घेता येतो. आयबीत सुटे विषय घेता येतात, पण पूर्ण डिप्लोमा करायचा तर सहा विषय, दीर्घ निबंध, समाजकार्य असं सगळं पॅकेज असतं. लेखनात रमणाऱ्या मुलाला आयबी मानवतं. गणित-विज्ञानात मुसंडी मारायची असेल तर एपी सोपं पडतं, हे माझं मत, नियम नव्हे.

तुमच्या बेस स्कूलमध्ये हवी ती पद्धत नसेल तर बदलीचा अर्ज करता येतो. शाळा भरलेली असेल तर नकार मिळतो, मिळालाच प्रवेश तर ने-आण तुमच्या गळ्यात. आणि खेळणारं मूल असेल तर थांबून विचार करा: राहता पत्ता न बदलता शाळा बदलली तर आंतरशालेय सामन्यांतून साधारण वर्षभर बाहेर बसावं लागू शकतं.

७. टीजे

'टीजेला मिळालं का?' हा प्रश्न इथल्या गणपतीत आरती संपायच्या आत विचारला जातो. थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी हे १९८५ मध्ये सुरू झालेलं निवडक प्रवेशाचं सरकारी हायस्कूल. फेअरफॅक्सबरोबर आसपासच्या काही जिल्ह्यांतली मुलंही तिथे जातात.

जुनी माहिती विसरा. २०२० च्या अखेरीस प्रवेश परीक्षा बंद झाली, अर्जाची फीही गेली. आता साधारण ५५० जागा असतात. आठवीत असताना अर्ज करायचा, गुणांची सरासरी ४ पैकी किमान ३.५ हवी, आठवीपर्यंत अल्जिब्रा १ तरी घेतलेलं हवं. मग मूल स्वतःबद्दल लिहितं आणि एक प्रश्न सोडवून त्यावर निबंध लिहितं. प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखलेल्या असतात, उरलेल्या सगळ्यांसाठी खुल्या. या पद्धतीवर पालकांच्या एका गटाने खटला भरला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला, त्यामुळे पद्धत कायम राहिली.

नव्याने येणाऱ्यांसाठी मुद्दा एवढाच: मूल नववीत किंवा पुढे येत असेल तर ती गाडी बहुतेक सुटलेली असते. नववीत असताना दहावीसाठी अर्ज करता येतो, पण जागा फार थोड्या. हजारो डॉलर घेणारे 'टीजे क्लास' लावण्यापेक्षा तो पैसा आणि ती संध्याकाळ वाचवा. बेस स्कूलमधून मुलं उत्तम कॉलेजांत जातात, मी पाहिली आहेत.

८. अकॅडमी

आपले लोक हे पान उलटून पुढे जातात. सहा हायस्कुलांत (शँटिली, एडिसन, फेअरफॅक्स, फॉल्स चर्च, मार्शल आणि वेस्ट पोटोमॅक) अकॅडमी आहेत. मूल आपल्या बेस स्कूलमध्येच शिकतं, फक्त एका विषयापुरतं बसने अकॅडमीत जातं. गाड्यांची दुरुस्ती, स्वयंपाक, सायबर सुरक्षा, इंजिनिअरिंग, आपत्कालीन वैद्यकीय सेवा असे हाताने करायचे विषय. काहींत व्यवसायाचं प्रमाणपत्रही मिळतं.

'आमचा मुलगा काय गॅरेजमध्ये जाणार का?' असं एका बाबांनी मला विचारलं होतं. त्यांच्याच मुलाने आपत्कालीन सेवेचा कोर्स केला, रुग्णवाहिकेबरोबर काम पाहिलं आणि आता वैद्यकीय शिक्षणाकडे वळला आहे. बाबा हल्ली ते स्वतःहून सांगतात.

नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजबरोबर 'ड्युअल एन्रोलमेंट'चे विषयही असतात. एकाच अभ्यासाचं क्रेडिट हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे मिळतं. कोणते विषय तुमच्या शाळेत आहेत ते काउन्सेलर सांगतील.

९. पर्यायी हायस्कूल: ब्रायंट आणि माउंटन व्ह्यू

'पर्यायी शाळा' म्हटलं की आपल्या डोक्यात रात्रशाळा किंवा सतरा नंबरचा फॉर्म येतो. माझ्याही आला होता. मैत्रिणीचा भाचा सतरा वर्षांचा असताना इथे आला. भारतात अकरावीत गाडी अडकली होती, मधलं एक वर्ष घरीच गेलं होतं. बेस स्कूलमध्ये अडीच हजार मुलांत तो हरवला. जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसायचा. सहा महिन्यांनी काउन्सेलरनेच माउंटन व्ह्यूचं नाव काढलं, तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली.

माउंटन व्ह्यू सेंटरव्हिलला आहे, ब्रायंट अलेक्झांड्रिया भागात. दोन्ही एफसीपीएसचीच हायस्कुलं. मुलं कमी, वर्ग लहान, आणि क्रेडिट सत्रागणिक पुरं करता येतं. त्यामुळे मागे पडलेल्याला भरून काढता येतं. नोकरी करून शिकणारी, आजारपणातून उठलेली, लहान बाळ असलेली, परदेशातून उशिरा आलेली अशी सगळी मुलं तिथे असतात. शेवटी मिळतो तो व्हर्जिनियाचाच डिप्लोमा. भाचा तिथून पदवीधर झाला आणि कम्युनिटी कॉलेजला गेला. त्याच्या पदवीदानाला टाळ्या वाजवताना मैत्रीण रडत होती. प्रत्येक मुलाचं नाव घेऊन शिक्षक दोन शब्द बोलत होते, एवढी ती शाळा छोटी.

तीन गोष्टी सांभाळा. तिथे जायची वाट बेस स्कूलच्या काउन्सेलरमधून जाते, म्हणून आधी बेस स्कूलमध्ये नाव असू द्या. दुसरं, शिस्तभंगासाठी पाठवतात ती 'अल्टरनेटिव्ह लर्निंग सेंटर' वेगळी. नावाच्या साधर्म्यावरून घाबरू नका. तिसरं, 'वय झालं, आता जीईडी दे' असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. जीईडी ही डिप्लोमाच्या समकक्ष परीक्षा आहे, डिप्लोमा नव्हे. व्हर्जिनियात साधारण २० वर्षांपर्यंत मोफत सरकारी शाळेचा हक्क असतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही आणि जे १२ वर्षांनंतर पहिल्यांदा इथल्या शाळेत आले, त्यांना ही मुदत २२ पर्यंत वाढू शकते. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी काउंटीचं प्रौढ हायस्कूलही आहे.

१०. पहिले काही महिने

'पॅरेंटव्ह्यू'चं खातं उघडा. गुण आणि गैरहजेरी तिथे रोज दिसतात. दर तासाला पाहायची सवय मात्र लावून घेऊ नका, मुलं वैतागतात. ९३ आणि त्यापुढे 'ए', ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या पातळीच्या) विषयाला अर्धा आणि एपी-आयबीला एक गुण जादा धरून सरासरी काढतात.

बस हायस्कूलला दीड मैलापलीकडच्या घरांनाच मिळते. सकाळी आठच्या सुमारास शाळा भरते, त्यामुळे हिवाळ्यात मुलं अंधारात थांब्यावर उभी असतात. जाड जॅकेट सप्टेंबरातच घ्या.

पुढच्या वर्षाचे विषय जानेवारी-फेब्रुवारीत निवडायचे असतात. ते पत्रक मुलाच्या दप्तरात चेंगरून राहतं, स्वतः मागा. ऑगस्टमध्ये आलेल्यांना उरलेसुरले विषय मिळतात. आमच्या मुलीच्या वाट्याला सिरॅमिक्स आलं, ज्याचं नावही तिने ऐकलं नव्हतं. तिने केलेला ओबडधोबड मग अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे.

आणि डिसेंबरची भारतवारी. इथे नाताळची सुट्टी जेमतेम दोन आठवडे, आपल्याला हवा असतो महिना. लागोपाठ १५ शाळेचे दिवस मूल गैरहजर राहिलं तर व्हर्जिनियात त्याचं नाव पटावरून कमी होतं. मग परत नोंदणी, परत कागद. लग्न असो नाहीतर मुंज, तिकीट काढण्याआधी शाळेचं कॅलेंडर उघडा, आणि शाळा बुडणार असेल तर रजेचं ईमेल जायच्या आधी पाठवा.